जुनी प्रवासी लाँच सेवेतून काढताना

धक्क्याला बांधून ठेवलेली लाँच निवृत्त झालेली नसते, तिच्या फेऱ्या थांबलेल्या असतात इतकेच. आमची बेटावर जाणारी लाँच बंद करताना हा फरक आम्हाला कळला नव्हता. भागीदार सगळे पुण्यात, लाँच कोकणातल्या खाडीत. शेवटची फेरी झाली आणि खर्च वाचावा म्हणून आम्ही तांडेल व खलाशी त्याच आठवड्यात मोकळे केले. लाँच ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट जिथे तळातून बाहेर पडतो, तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाणी थेंबाथेंबाने आत येत असते आणि खलाशी ते रोज सकाळी उपसतो, म्हणूनच ते मालकाला कधी दिसत नाही. खलाशी गेला, बॅटरी उतरली, आपोआप सुरू होणारा पंप बंद पडला आणि आषाढातल्या एका रात्री लाँच मागच्या अंगाने चिखलात बसली. इंजिनाखालचे तेलकट पाणी खाडीभर पसरले, ते निस्तरायला झालेला खर्च दोन खलाशांच्या वर्षभराच्या पगाराहून अधिक होता. तेव्हा पहिला नियम हाच, की लाँच पाण्याबाहेर निघेपर्यंत तिच्यावर एक जाणता माणूस रोज असलाच पाहिजे.

थांबायचे कधी, हे ठरवताना रंगाकडे पाहू नये. पोलादी लाँच सुक्या गोदीत घेतली की ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजून घ्यावी. मूळ जाडीच्या पाव हिश्शाच्या आसपास झीज दिसू लागली, की तो पत्रा बदलण्याच्या लायकीचा झाला असे समजावे. लाकडी लाँचमध्ये फळ्यांच्या सांध्यांत टोच्या घालून पाहतात. तो सहज रुतला तर लाकूड आतून कुजले आहे. तळात कोणी सिमेंट ओतून गळती झाकली असेल, तर ते फोडल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. माझे मत विचाराल तर लागोपाठ दोन वेळा गोदीत घेतल्यावर तळाचे पत्रे बदलावे लागले, तर तिसऱ्या खेपेचे पैसे नव्या लाँचकडे वळवावेत.

तारीख ठरवताना मेअखेर सोयीची वाटते, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बहुतेक प्रवासी फेऱ्या तशाही बंद असतात. पण त्यामुळे रिकामी लाँच नेमकी ऐन पावसात पाण्यावर राहते. सुटीचा हंगाम बुडतो हे मान्य करूनही गुढीपाडव्याच्या सुमारास थांबणे मी पसंत करीन. मग अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात तिला उंच किनाऱ्यावर ओढता येते आणि जूनच्या आत काम संपते. बेटावरच्या माणसांना मात्र पर्याय मिळाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. घारापुरीला समुद्राखालून वीज २०१८ साली पोहोचली, पण सिलिंडर, किराणा आणि आजारी माणूस आजही होडीनेच ये-जा करतात. बदली लाँच काही दिवस जुनीच्या जोडीने चालवावी आणि ओहोटीच्या वेळी ती बेटाच्या धक्क्याला लागते की नाही, हे आधीच पाहून घ्यावे.

कागदपत्रांचे काम पुण्यात बसून बरेचसे होते. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. लाँच कायमची निकामी झाली, की मालकाने ते नोंदणी अधिकाऱ्याला विनाविलंब कळवून नोंदणीचा दाखला परत करायचा असतो. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येते. लाँचवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवून घ्यावा. विमा मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावा, कारण बुडालेली लाँच काढण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो.

आता प्रत्यक्ष रिकामे करणे. जहाजतोडणीबाबतचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला असला, तरी ५०० ढोबळ टनांखालची जहाजे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तरीही घातक पदार्थांची यादी करण्याची त्यातली पद्धत जरूर उचलावी. इंजिनखोलीतल्या धुराड्याभोवतीचे पांढरट, तंतुमय वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते हाताने सोलू नये, तपासून घ्यावे आणि निघालेच तर जाणकार माणसाकडूनच काढून घ्यावे. वापरलेले तेल आणि बॅटऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या व्यावसायिकालाच द्याव्यात व त्याची पावती जपून ठेवावी.

वजन वरून खाली काढत यावे. चांगला भाव येतो म्हणून सगळे आधी इंजिन काढायला धावतात. पण तळातले वजन गेले आणि वरच्या मजल्यावरची बाके, छप्पर व सुकाणूची केबिन तशीच राहिली, की पाण्यावर असलेली लाँच साध्या लाटेनेही कलंडू शकते. आधी वरचा मजला मोकळा करावा; इंजिन शक्यतो लाँच किनाऱ्यावर ओढल्यावरच उतरवावे.

सर्वांत जास्त सावधगिरी तळातल्या बंद कप्प्यांबाबत बाळगावी. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते, त्यामुळे वर्षानुवर्षे झाकण न उघडलेल्या, अगदी कोरड्या दिसणाऱ्या कप्प्यात उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही त्याच्यावर पडतो. झाकणे उघडून पंख्याने हवा खेळवावी, मापकाने प्राणवायू तपासावा आणि तो २१ टक्क्यांच्या जवळ दिसल्याशिवाय कोणालाही खाली सोडू नये. डिझेलच्या टाकीतली वाफ तपासून गॅसमुक्त दाखला हाती येईपर्यंत कटिंगची ज्योत पेटवू नये.

विक्रीबद्दल थोडक्यात सांगायचे तर इंजिन व गिअरबॉक्स वेगळे विकावेत. भोसरीकडे जुन्या इंजिनांचे जाणकार पुष्कळ आहेत. पोलाद वजनावर जाते, सागवानाला सुताराकडून बरा भाव मिळतो, फायबरच्या सांगाड्याला मात्र कोणी विचारत नाही आणि तो जाळणेही योग्य नाही, म्हणून त्याच्या वाहतुकीचा खर्च आधीच बाजूला काढावा.

दोन्ही बाजूंवरचे नाव व नोंदणी क्रमांक खरवडून टाकावेत आणि मुदत संपलेली जीवरक्षक जाकिटे पट्टे कापूनच भंगारात द्यावीत. आम्ही ती तशीच पोत्यात भरून दिली होती. काही महिन्यांनी एका बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात आमच्या लाँचचे नाव असलेली चार जाकिटे टांगलेली दिसली आणि कॉलेजची दोन मुले पानशेतला पोहायला जायचे म्हणून त्यांची घासाघीस करत होती. आतला फोम दाबला तर बोटाचा खळगा तसाच राहत होता. चारही जाकिटे मी विकत घेतली आणि शेजारच्या दुकानातून कात्री मागून तिथेच कापली.