केळीच्या पानाचा फोटो जर्नलला पाठवण्याआधी

रावेर-यावलच्या बागेत करप्याचे (पानावर ठिपके पाडणाऱ्या रोगाचे) फोटो मोबाईलवर काढलेत, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे मागवून शोधनिबंधात घालू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. पानावरच्या ठिपक्याभोवतीची पिवळी कड पुसट होते आणि मग ती परत आणता येत नाही. फोटो केबलने घ्या, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

बहुतेक जर्नल फोटोला छापील आकारात किमान 300 डीपीआय (दर इंचाला 300 पिक्सेल) मागतात. एका कॉलमची रुंदी साधारण 85 मिलिमीटर, म्हणजे 3.35 इंच. त्याला 300 ने गुणलं की जवळपास 1000 पिक्सेल. दोन कॉलमच्या चित्राला याच्या दुप्पट. मूळ फोटोत तेवढे पिक्सेल नसतील, तर सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा नुसता आकडा 72 चा 300 करून काहीच साधत नाही. पुन्हा बाग गाठावी लागते, आणि मे महिन्यातल्या खान्देशच्या उन्हात ती फेरी जिवावर येते.

फोटो काढतानाच पानाला लागून मोजपट्टी ठेवा, म्हणजे नंतर स्केल बार (किती लांबी म्हणजे किती मिलिमीटर हे दाखवणारी रेघ) टाकता येतो. '10 पट मोठे' असं लिहू नका. छपाईत चित्र लहान-मोठं झालं की तो आकडा खोटा ठरतो, चित्रासोबत बदलणारा बार ठरत नाही.

उजेड-कॉन्ट्रास्ट बदलायचाच असेल तर अख्ख्या फोटोला सारखा बदला, नुसत्या डागाला नको. मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, संपादक ती मागू शकतात.

आलेखाचा स्क्रीनशॉट नको, सॉफ्टवेअरमधून थेट पीडीएफ किंवा ईपीएस फाईल काढा. रेषांना लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकाला त्या वेगळ्या दिसत नाहीत.