अरबी नावाची उकल कशी करावी

अरब इतिहासाचे वाचन करताना मराठी वाचक बहुधा नावांपाशी अडखळतो, कारण तो नकळत आडनाव शोधू लागतो आणि जुन्या अरबी नावात आडनाव नसतेच. त्या नावात माणसाचे वडील, संतती, गुण, टोळी आणि गाव एकामागून एक गुंफलेले असतात. म्हणून नाव पाठ करण्याऐवजी ते सुटे करून पाहावे.

अबू झैद अब्दुर्रहमान इब्न मुहम्मद इब्न खल्दून अल-हद्रमी हे थोर इतिहासकाराचे नाव घेऊ. प्रथम जन्मनाव, म्हणजे ‘इस्म’, हुडकावे. ते सहसा पहिल्या ‘इब्न’च्या अगोदर येते. येथे ते अब्दुर्रहमान आहे. ‘अब्द’ म्हणजे दास आणि ‘रहमान’ हे ईश्वराचे नाव असल्याने या शब्दाचे दोन तुकडे कधीही करू नयेत. नुसते ‘अब्दुल’ म्हटले तर ‘चा दास’ एवढाच अर्धवट अर्थ उरतो.

‘अबू झैद’, म्हणजे झैदचा पिता, ही ‘कुन्या’. स्त्रीच्या कुन्येत ‘उम्म’, म्हणजे आई, हा शब्द येतो. कुन्येचा अर्थ दर वेळी शब्दशः घेऊ नये. प्रेषितांचे सहकारी अबू हुरैरा यांच्या कुन्येचा अर्थ ‘मांजरीच्या पिलाचा पिता’ असा आहे.

यानंतर ‘इब्न’, म्हणजे ‘चा मुलगा’, या शब्दाने जोडलेली वंशसाखळी येते. ही ‘नसब’ होय. प्रत्येक ‘इब्न’ला एक पिढी मोजण्याचा मोह होतो, पण शेवटचा ‘इब्न’ अनेकदा मधल्या पिढ्या ओलांडून नामवंत पूर्वजापर्यंत जातो. खल्दून हे या इतिहासकाराचे आजोबा नव्हते, तर दूरचे पूर्वज होते. इब्न सीना (980–1037) यांच्या वडिलांचे नावही अब्दुल्लाह होते, सीना नव्हे.

सर्वांत अधिक सावधगिरी शेवटच्या भागात, ‘निस्बा’मध्ये, बाळगावी. तो ‘ई’ प्रत्यय लागून होतो आणि गाव, प्रदेश, टोळी किंवा पंथ सांगतो. इब्न खल्दून 1332 मध्ये ट्युनिसला जन्मले, 1406 मध्ये कैरोला वारले आणि त्यांच्या घराण्याने मधली कित्येक शतके स्पेनमधील सेव्हिल येथे काढली होती. तरीही ते ‘हद्रमी’च राहिले, कारण घराणे आपले मूळ येमेनमधील हद्रमौतचे मानत असे. निस्बा म्हणजे जन्मगाव असे समजणाऱ्या वाचकाची येथे हमखास फसगत होते. प्रवासी इब्न बतूता यांच्या नावात तर दोन निस्बा आहेत: ‘लवाती’ ही उत्तर आफ्रिकेतील बर्बर लोकांच्या लवाता टोळीची आणि ‘तंजी’ ही टँजिअर या जन्मगावाची. गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांच्या निस्बेपासून तर ‘अल्गोरिदम’ हा शब्द झाला.

काही नावांत ‘लकब’, म्हणजे उपाधी, मूळ नावाला झाकून टाकते. 1187 मध्ये जेरुसलेम जिंकणाऱ्या सुलतानाचे इस्म यूसुफ, वडील अय्यूब, म्हणून त्याचे घराणे अय्यूबी. सलाहुद्दीन ही त्याची लकब होती आणि युरोपने तिचेच ‘सॅलाडिन’ केले. हे नाव ‘सलाह अल-दीन’ असे लिहिलेले दिसले तरी गोंधळू नये. अरबीतील अठ्ठावीसपैकी चौदा अक्षरांपुढे ‘अल’मधला ‘ल’ त्या अक्षरात मिसळून जातो. मात्र ‘अल’ आणि ‘आल’ यांत फरक करावा. ‘आल सौद’मधील ‘आल’ म्हणजे घराणे.

आधुनिक नावांत ‘इब्न’ पुष्कळदा गळतो. इजिप्तचे गमाल अब्देल नासेर यांच्या नावातील ‘अब्देल नासेर’ हे वडिलांचे अखंड नाव आहे, आणि सद्दाम हुसेन यांच्या नावातील ‘हुसेन’ही वडिलांचेच. स्त्रियांच्या नावात ‘इब्न’ऐवजी ‘बिन्त’, म्हणजे मुलगी, येते; आणि विवाहानंतरही स्त्रीची नसब पित्याचीच राहते, म्हणून पतीच्या नावावरून तिचा शोध घेऊ नये.

शेजारच्या तुर्कस्तानात हीच पद्धत वापरताना आधी साल पाहावे. तेथे 1934 च्या कायद्याने आडनाव सक्तीचे झाले आणि मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ हे आडनाव मिळाले; त्यापुढील तुर्की नावात शेवटचा शब्द खरोखरच आडनाव असतो.