थंडीतल्या कोरड्या त्वचेसाठी ओट्स आणि दुधाचे स्नान

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा बऱ्याचदा १० अंशांच्या खाली उतरतो, हवा कोरडी पडते आणि त्यात गीझरचे कढत पाणी अंगावर घेतले की त्वचेवरचा नैसर्गिक तेलकट थर निघून जातो. अशा वेळी पिंढऱ्यांवर नख ओढले तरी पांढरी रेघ उमटते आणि टाचा भेगाळतात.

यावर उत्तम उपाय म्हणजे साध्या ओट्सची पूड. मसाला किंवा साखर नसलेले वाटीभर ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक करून चाळून घ्यावेत. मग चमचाभर पूड पेलाभर कोमट पाण्यात ढवळावी. पाणी दुधाळ झाले तर काम झाले, कणी लगेच तळाशी बसली तर पुन्हा दळावे. इथे घाई करू नये, कारण ओट्समधला बीटा-ग्लुकन हा ओलावा धरून ठेवणारा घटक बारीक पुडीतूनच पाण्यात नीट उतरतो. या पुडीत अर्धी वाटी दूध पावडर मिसळून मिश्रण कोरड्या बरणीत भरावे.

आपल्याकडे बहुतेक घरांत बादलीनेच अंघोळ होते, म्हणून चार मोठे चमचे मिश्रण मलमलच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी बादलीभर कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावी आणि अधूनमधून पिळावी. पाणी कोपराला ऊबदार लागावे, चटका बसू नये. साबण काखा-जांघांपुरताच वापरून हे पाणी शेवटी तांब्याने सावकाश अंगावर घ्यावे. टाचांसाठी याच पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून बसावे.

संत्र्याच्या वाळलेल्या सालींची पूड आपल्या घरांत हमखास असते, पण ती यात घालू नये. सालीतले तेल भेगाळलेल्या त्वचेला झोंबते. तेलही बादलीत ओतू नये, कारण ते पाण्यावर तरंगते आणि न्हाणीघराची फरशी निसरडी होते.

ओट्स किंवा दुधाची अॅलर्जी असणाऱ्यांनी हे मिश्रण टाळावे, इतरांनी आधी मनगटावर लावून पाहावे. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर पाय भिजवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

अंघोळीनंतर अंग घासून न पुसता पंचाने टिपावे आणि ते ओलसर असतानाच तेल चोळावे. खोबरेल थंडीत थिजते, म्हणून त्याची बाटली आधीच गरम पाण्यात ठेवावी. तिळाचे तेल असेल तर तेवढेही करावे लागत नाही.