गाजलेल्या वाक्याचा ट्रेडमार्क विकत घेण्यापूर्वी आणि घेताना

कोल्हापुरात एखादे वाक्य गाजायला वेळ लागत नाही. शाहू स्टेडियमवर सामना रंगात आलेला असताना प्रेक्षकांतून कोणी काही ओरडतो, त्याची रील फिरते आणि आठवडाभरात तेच वाक्य महाद्वार रोडवर टांगलेल्या टी-शर्टांवर दिसू लागते. ज्या व्यापाऱ्याला चार दिवसांच्या विक्रीवर समाधान न मानता त्या वाक्यावर कायमचा धंदा उभा करायचा असतो, तो वाक्य बोलणाऱ्या माणसाला गाठतो, पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘हे वाक्य मी अमुक यांना विकले’ असे लिहून घेतो आणि निर्धास्त होतो. अडचण अशी की त्या कागदाने त्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच आलेले नसते. कायद्याच्या दृष्टीने नुसते वाक्य ही विकण्याजोगी वस्तू नाही. विकता येतो तो विशिष्ट मालावर ते वाक्य आपल्या मालाची ओळख म्हणून वापरण्याचा हक्क, म्हणजेच ट्रेडमार्क, आणि तोही विकणाऱ्याकडे मुळात असेल तरच.

समजण्याच्या सोयीसाठी एक काल्पनिक वाक्य घेऊ. तांबड्या रश्श्याची वाटी येण्याआधीच गप्पांना बसलेल्या गिऱ्हाइकाला एका खानावळीच्या मालकाने ‘आधी रस्सा, मग किस्सा’ असे सुनावले, ते कोणीतरी मोबाइलवर टिपले आणि ते गाजले, असे समजा. तुम्हाला ते टी-शर्ट, टोप्या, स्टिकर आणि कपांवर छापायचे आहे.

पहिला प्रश्न मालकाला विचारण्याचा नसून स्वतःलाच विचारण्याचा आहे, की या माणसाकडे विकण्यासारखे आहे तरी काय. इतक्या लहान वाक्यावर कॉपीराइट सहसा मिळत नाही. ‘ये दिल मांगे मोर’ या जाहिरातीतील घोषवाक्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 मध्ये प्रथमदर्शनी हेच मत नोंदवले होते. मात्र त्या रीलमधील चित्रीकरणावर कॉपीराइट असतो, आणि तो बहुधा बोलणाऱ्याचा नसून चित्रीकरण करणाऱ्याचा असतो. त्यामुळे टी-शर्टवर वाक्यासोबत रीलमधील दृश्य छापायचे असेल, तर परवानगी दुसऱ्याच माणसाकडून घ्यावी लागते. मालकाचा चेहरा, मिशा, फेटा, आवाज किंवा नाव वापरायचे असेल तर त्याची स्वतंत्र लेखी संमती लागते. अनिल कपूर यांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये त्यांचे नाव, छबी, आवाज आणि त्यांच्या ढंगातील ‘झकास’ यांचा परवानगीविना व्यापारी वापर करण्यास मनाई केली. ‘झकास’ हा शब्द मराठी माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत आला आहे आणि पुढेही वापरत राहील. संरक्षण मिळाले ते माणसाच्या ओळखीला, हा फरक विसरू नये.

ट्रेडमार्कचा हक्क मात्र बोलण्याने निर्माण होत नाही. तो निर्माण होतो मालावर किंवा सेवेसाठी वापरल्याने, किंवा नोंदणीने. खानावळीच्या मालकाने ते वाक्य पाटीवर आणि बिलावर वर्षभर वापरले असेल तर खानावळीच्या सेवेपुरता काही हक्क त्याने कमावला आहे, असे म्हणता येईल. टी-शर्टावर त्याने ते कधी वापरलेच नसेल आणि अर्जही केला नसेल, तर टी-शर्टाच्या बाबतीत त्याच्याकडे विकायला ट्रेडमार्क नाही. अशा वेळी तुम्ही त्याच्याकडून जे घेता ते म्हणजे ना हरकत, ओळख वापरण्याची परवानगी आणि तो स्वतः त्याच मालात उतरणार नाही याची हमी. हे घेणे निरुपयोगी मुळीच नाही. फक्त त्याला ट्रेडमार्कची खरेदी समजून तशी किंमत मोजू नये. ही लेखी संमती जोडून तुम्ही स्वतःच्या नावाने नवा अर्ज करू शकता, आणि संमती हाती असल्यामुळे पुढे कोणी तुमच्यावर दुष्ट हेतूने अर्ज केल्याचा ठपका ठेवणे अवघड होते.

काही वाक्ये कोणाकडूनच विकत घेऊ नयेत. ‘नाद खुळा’ किंवा ‘काटा किर्रर्र’ हे शब्द आपल्याकडे पानटपरीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळेच वापरतात. ते ऐकून कोणा एका दुकानाचा माल डोळ्यांसमोर येत नाही, आणि अशी ओळख नसणे हीच नोंदणीतली पहिली अडचण असते. ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ यासारख्या भक्तीच्या गजराला हात लावणे तर अविचाराचे ठरेल, कारण धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हांना (ट्रेडमार्क म्हणून वापरलेले वाक्यही त्यात आले) ट्रेडमार्क अधिनियम, 1999 च्या कलम 9 प्रमाणे नोंदणी मिळत नाही. त्याच कलमात अश्लील मजकुरालाही मनाई आहे. आपल्या भागात गाजलेल्या निम्म्या वाक्यांत एखादी रांगडी शिवी असतेच, तेव्हा ही अट कोल्हापूरकरांनी जरा जास्तच लक्षात ठेवलेली बरी. वाक्यात ‘कोल्हापुरी’ हा शब्द असेल आणि माल चपला असेल, तर आणखी एक भान हवे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (म्हणजे त्या प्रदेशात बनणाऱ्या मालाच्या नावाला मिळणारे संरक्षण) मिळाले असून ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांतील कारागिरांसाठी आहे, आणि मानांकनाचा हक्क कायद्यानेच कोणाला विकता येत नाही.

आता शोधाकडे वळू. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही नोंदी विनामूल्य पाहता येतात. शोध वर्गानुसार, म्हणजे माल आणि सेवांच्या ठरलेल्या क्रमांकित गटांनुसार, करावा लागतो: कपडे आणि टोप्या वर्ग 25 मध्ये, स्टिकर व कागदी माल वर्ग 16 मध्ये, कप वर्ग 21 मध्ये, तर खानावळीची सेवा वर्ग 43 मध्ये येते. केवळ एका स्पेलिंगने शोधणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ‘रस्सा’ रोमन लिपीत एका ‘एस’नेही लिहिला जातो आणि दोन ‘एस’नेही, ‘आधी’त एक ‘ए’ असतो किंवा दोन, म्हणून उच्चारसाम्याचा शोध घ्यावा आणि वाक्यातील प्रत्येक ठळक शब्द वेगळा शोधावा. वाक्याशी काहीही संबंध नसलेल्या तिसऱ्याच माणसाने अर्ज करून ठेवलेला आढळू शकतो. अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये ‘व्हेरी डिम्युअर’ हे शब्द गाजवणाऱ्या जूल्स लेब्रॉन यांच्या बाबतीत हेच झाले; त्यांच्या आधी दुसऱ्याच व्यक्तीने तेथील कार्यालयात अर्ज दाखल केला होता. नोंदवहीबाहेरही पाहावे, कारण भारतात नोंदणीपेक्षा आधीच्या वापराला अधिक वजन आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडई हलवा’ या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्कापेक्षा वरचढ मानला. म्हणून ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर, इन्स्टाग्रामवरील दुकानांत आणि प्रत्यक्ष बाजारात हे वाक्य आधी कोणी छापले होते काय, हे पाहून पुरावे तारखेसह जपून ठेवावेत.

शोधात विक्रेत्याच्याच नावाने नोंद सापडली, तर तिची स्थिती नीट वाचावी. ‘नोंदणीकृत’ असेल तर अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झाले आहे काय, ते पाहावे. अर्ज केवळ प्रलंबित असेल, तर कार्यालयाने अर्ज तपासून दिलेल्या परीक्षण अहवालातील आक्षेप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची जाहिरात झाल्यानंतर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो, हेही किंमत ठरवताना मोजावे. नोंदणी जुनी असूनही माल कधी निघालाच नसेल, तर सावध व्हावे. सलग पाच वर्षे आणि त्यानंतरचे तीन महिने वापर नसलेली नोंदणी तिची झळ बसणारा कोणीही रद्द करून मागू शकतो. एकाच वाक्याचे बळ वर्गागणिक बदलते हेही पाहावे: ‘आधी रस्सा, मग किस्सा’ हे टी-शर्टासाठी अगदी वेगळे आणि म्हणून भक्कम आहे, परंतु खानावळीसाठी ते जवळजवळ वर्णनच असल्याने दुबळे ठरते.

सही कोणाची चालेल, याकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. वाक्य बोलणारे अठरा वर्षांखालील मूल असेल, तर त्याच्याशी केलेला करार मुळातच निरर्थक असतो. पालकाशी करार करतानाही वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अर्ज तालीम मंडळाच्या नावाने असेल तर अध्यक्षांनी दिलेला शब्द कितीही मोलाचा असला तरी पुरेसा नसतो. कार्यकारिणीचा ठराव आणि सहीचा अधिकार दोन्ही कागदावर हवेत. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या घ्याव्यात.

हस्तांतरणाचा करार, ज्याला वकील असाइनमेंट डीड म्हणतात, तो लेखीच असावा. त्यात वाक्य देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत जसेच्या तसे, अर्ज किंवा नोंदणी क्रमांक, वर्ग आणि मालाचे तपशील लिहावेत. सर्वांत महत्त्वाचे कलम गुडविलचे, म्हणजे धंद्याने गिऱ्हाइकांत कमावलेल्या नावलौकिकाचे आहे. ट्रेडमार्क गुडविलसह किंवा गुडविलशिवाय, दोन्ही प्रकारे विकता येतो. पण व्यवसायात वापरात असलेले चिन्ह गुडविलशिवाय घेतले, तर कलम 42 प्रमाणे हस्तांतरणाच्या तारखेपासून सहा महिन्यांत निबंधकाकडे (ट्रेडमार्कची नोंदवही सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करून, ते सांगतील त्याप्रमाणे जाहिरात द्यावी लागते. ही मुदत फार तर आणखी तीन महिने वाढते, आणि ती चुकली तर हस्तांतरणच परिणामशून्य ठरते. खानावळीचा मालक खानावळ चालवत राहणारच असल्यामुळे बहुतेक लोक गुडविलशिवाय करार करतात आणि कलम 42 विसरतात. माझ्या मते ज्या मालाचे चिन्ह घेत आहात त्या मालापुरती गुडविल सोबत घेणेच सोयीचे असते.

तुकडे पाडून विकण्याचा मोहही विक्रेत्यांना होतो. टी-शर्ट एकाला आणि तशाच टोप्या दुसऱ्याला, किंवा कोल्हापूर तुम्हाला आणि सांगली दुसऱ्याला, अशी वाटणी तोंडी ऐकायला व्यवहारी वाटते. परंतु ज्या वाटणीने गिऱ्हाइकाचा गोंधळ होऊ शकतो ती कलम 40 आणि 41 यांना सहसा मान्य नसते. म्हणून आपल्या वर्गातील सारखा दिसणारा सर्व माल आणि संपूर्ण भारत करारात यावा, असाच आग्रह धरावा. त्याखेरीज विक्रेत्याने आधी कोणालाही परवाना दिलेला नाही याची हमी, त्याच्याकडील उरलेल्या मालाचे काय करायचे, त्या वाक्याच्या नावाने चालणारे इन्स्टाग्राम खाते कोणाकडे जाणार आणि कोणी दावा लावल्यास खर्च कोण सोसणार, ही कलमे हवीत. रीलच्या कॉपीराइटचे हस्तांतरण वेगळ्या कागदावर घ्यावे आणि त्यात मुदत व प्रदेश स्पष्ट लिहावेत, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

पैसे एकरकमी देऊ नयेत. काही भाग सहीच्या वेळी आणि उरलेला निबंधकाच्या नोंदवहीत तुमचे नाव लागल्यावर, अशी विभागणी केली की विक्रेताही कागदपत्रांसाठी तत्पर राहतो. मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या किमतीवर लागते, तेव्हा पाचशेच्या स्टॅम्पवर भागेल असे गृहीत धरू नये. जीएसटी आणि करकपातीचे चार्टर्ड अकाउंटंटकडून आधीच ठरवून घ्यावे.

करार झाल्यावर नमुना टीएम-पी भरून नाव लावण्याचा अर्ज त्वरित करावा. हे काम ऑनलाइन होते. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. तुमचा अर्ज दाखल होईपर्यंत, विक्रेत्याने तेच चिन्ह व्यवहाराची कल्पना नसलेल्या दुसऱ्या कोणाला विकले तर तुमचा करार त्या दुसऱ्या खरेदीदाराविरुद्ध चालत नाही. म्हणून येथे एक दिवसही दवडू नये. विक्रेत्याने न घेतलेल्या वर्गांसाठी तुमचे नवे अर्जही त्याच सुमारास करावेत. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आणि इतरांसाठी 9,000 रुपये आहे. लघुउद्योगाच्या सवलतीसाठी लघुउद्योग नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

हे सर्व करण्याएवढे ते वाक्य टिकणार आहे काय, याचा मात्र प्रामाणिक हिशेब करावा. नोंदणीची प्रक्रिया महिनोन्‌महिने चालते आणि रीलचा जोर बहुधा त्याआधीच ओसरतो. म्हणून पहिल्याच भेटीत खरेदीचा आग्रह न धरता एक वर्षाचा परवाना, प्रत्येक नगामागे ठरलेला मोबदला आणि वर्षअखेरीस ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा तुमचा हक्क असा करार करावा, असे मला वाटते. त्यात मालकाचेही नुकसान नाही, आणि दिवाळीपर्यंत माल खपतो की गोदामात पडतो हे पाहून तुम्हाला निर्णय घेता येतो.

छपाई करताना वाक्य छातीवर मोठ्या अक्षरांत असले, तरी ते गळ्याच्या लेबलवर, टांगत्या कार्डावर आणि पिशवीवरही छापावे, कारण केवळ छातीवरचे वाक्य ही नक्षी आहे असा युक्तिवाद प्रतिस्पर्धी करू शकतो. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ एवढेच लिहावे. वर्तुळातील ‘आर’चे चिन्ह नोंदणीआधी वापरणे कायद्याने दंडनीय आहे. नोंदणी झाल्यावर नक्कल आढळल्यास दावा तुमच्या व्यवसायाच्या ठिकाणी, म्हणजे कोल्हापुरातच दाखल करता येतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून येथे सुरू झाल्यामुळे अपिलासाठीही मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. त्या दाव्यात पहिल्या दिवसापासूनची बिले, छपाईवाल्याची चलने आणि लेबल दिसतील असे मालाचे फोटो मागितले जातात. ते तारखेवार फाइलला लावून ठेवावेत.