विंडोज एका ड्राइव्हवर, गेम्स दुसऱ्यावर: या चुका टाळा

जुनी हार्ड डिस्क काढली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. विंडोज तर नव्या एसएसडीवर होतं, मग जुन्या डिस्कचा संबंध काय? माझी एक अख्खी संध्याकाळ या कोड्यात गेली.

झालं असं होतं, की विंडोज टाकताना दोन्ही ड्राइव्ह जोडलेले होते. आधीच्या ड्राइव्हवर ईएफआय सिस्टम पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, म्हणजे बूटच्या फाइल्सचा छोटा भाग) असेल, तर इन्स्टॉलर बूटच्या फाइल्स बऱ्याचदा तिथेच टाकून मोकळा होतो. विंडोज आपण निवडलेल्या एसएसडीवर जातं, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही. म्हणून विंडोज टाकण्याआधी गेम्सच्या ड्राइव्हची साटा केबल (त्याला मदरबोर्डशी जोडणारी डेटा केबल) उपसून ठेवा. एम डॉट टू, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारा पट्टीसारखा ड्राइव्ह असेल तर स्क्रू काढायचा कंटाळा करू नका.

आधीच टाकून झालंय? विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि ईएफआय पार्टिशन कोणत्या डिस्कवर दिसतं ते बघा. सी, म्हणजे विंडोजचा भाग, ज्या डिस्कवर आहे तिथेच असेल, तर निश्चिंत राहा. नसेल, तर डेटाचा बॅकअप घ्या, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडने सीच्या डिस्कवर छोटं ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा आणि बीसीडीबूट कमांडने त्यावर बूट फाइल्स पुन्हा लिहा. डिस्कपार्टमध्ये डिस्कचा नंबर दोनदा वाचा. चुकीची डिस्क निवडली तर तो विचारत बसत नाही.

एकाच एसएसडीचे सी आणि डी असे दोन भाग पाडणं म्हणजे दोन ड्राइव्ह नव्हेत. विंडोज पुन्हा टाकताना त्याचा उपयोग होतो हे खरं, पण एसएसडी मेली की दोन्ही भाग एकदम जातात.

‘गेम्स डीवर आहेत, सी बिनधास्त फॉरमॅट करू’ ही समजूतही महागात पडते. गेम डीवर असला तरी सेव्ह फाइल्स बहुतेक वेळा सीवरच असतात: डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. क्लाउड सेव्हची सोय प्रत्येक गेमला नसते. आधी कॉपी काढा, मग फॉरमॅट.

गेम्स मात्र पुन्हा डाउनलोड करावे लागत नाहीत. स्टीम (गेम्स विकत घेण्याचं आणि चालवण्याचं ॲप) वापरत असाल तर ते टाका, सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन जुना ड्राइव्ह जोडा, लायब्ररी सापडते. ड्राइव्हचं अक्षर बदलून डीचं ई झालं असेल तर गेम्स गायब वाटतील. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर पूर्ववत करा.

नवा ड्राइव्ह दिसतच नसेल तर लगेच दुकानदाराला दोष देऊ नका. तो आधी डिस्क मॅनेजमेंटमधून इनिशलाइज, म्हणजे वापरासाठी तयार करावा लागतो, आणि तिथे विभागणीच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडा. जुनी पद्धत एमबीआर घेतली तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) दिसत नसेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल काढा. काही बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट भरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद पडतो.

राहिला वेगाचा प्रश्न. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) ३,५०० पर्यंत जाते. तरी बहुतेक गेम्सच्या लोडिंगमध्ये फरक थोड्या सेकंदांचाच पडतो, आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) तर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवरच ठरतो. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की मात्र फरक डोळ्यांत भरतो. म्हणून हार्ड डिस्कवर जुने, छोटे गेम्स ठेवा आणि मोठे ओपन वर्ल्ड गेम्स एसएसडीवर हलवा.