मार्गदर्शकाला पहिला ईमेल लिहिताना

सागरी गंज आणि सूक्ष्मजीव, म्हणजे समुद्रात धातू गंजण्यात जिवाणूंचा वाटा किती, या विषयात एमएस किंवा पीएचडीसाठी विचारणा करताना ‘मला समुद्राची लहानपणापासून आवड’ हे वाक्य सरळ खोडून टाका. विषय दोन शाखांच्या बांधावरचा आहे: धातुशास्त्रवाल्याला सहसा जिवाणू वाढवता येत नाहीत, सूक्ष्मजीवशास्त्रवाल्याला विद्युतरसायन जड जातं. तुम्ही कुठल्या बाजूचे आणि दुसरी बाजू कितपत शिकलात, हे सुरुवातीलाच सांगा.

मग मार्गदर्शकांचा अलीकडचा एक शोधनिबंध नीट वाचून एकच नेमका प्रश्न विचारा. समजा, पोलादाच्या पट्टीवर काळा सल्फाइडचा थर आहे, थराखाली खड्डे पडलेत, आणि डिसल्फोव्हिब्रिओ हे सल्फेटपासून सल्फाइड बनवणारे जिवाणूही सापडलेत. तेवढ्यावरून खड्डे त्यांनीच पाडले असं सिद्ध होत नाही. तुलनेसाठी निर्जंतुक समुद्रपाण्यात पट्टी ठेवली होती का? ते पाणी शेवटपर्यंत निर्जंतुक राहिलं, हे कसं तपासलं? असा प्रश्न गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतो, असं माझं मत.

विद्यार्थ्याच्या जागेसाठी निधी आहे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.