पॉवरलिफ्टिंगवरून बॉडीबिल्डिंगकडे येताय? आधी सोपं उचलायची सवय मोडा

पॉवरलिफ्टिंग म्हणजे स्क्वॉट (पाठीवर बार घेऊन बसून उठणं), बेंच (आडवं पडून छातीवरून बार ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) यांत जास्तीत जास्त वजन उचलण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांत एक टवाळकी चालते: एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता, पाचच्या वर रेप्स (वजन उचलण्याच्या खेपा) गेल्या की तो कार्डिओ. मी ६३ किलोच्या गटात उतरायचे तेव्हापासून ऐकतेय. आता डोंबिवलीत संध्याकाळची बॅच घेते, तर स्क्वॉट-बेंच-डेडलिफ्टला कंटाळलेली, 'मॅडम, ताकद आहे पण टी-शर्टात काही दिसत नाही' म्हणणारी मुलं येतात. त्यांना मी लगेच शेड्युल लिहून देत नाही. आधी त्यांचा बेंच बघते.

कारण आजवर तुम्ही वजन कमीत कमी कष्टात वर कसं जाईल हेच शिकलेले असता. बेंचला पाठीची कमान करून बारचा प्रवास कमी केलात, स्क्वॉटला बार पाठीवर खाली घेऊन कंबर-नितंबांना जुंपलंत, डेडलिफ्टला सुमोत, म्हणजे पाय खूप फाकवून, उभे राहिलात. काम सगळ्या अंगाला वाटून दिलंत. आता ही वाटणी बंद. जो स्नायू वाढवायचाय त्यालाच राबवायचं, बाकीच्यांनी मधे पडायचं नाही. यात बारवरचं वजन उतरणार, आणि तेच बहुतेकांना सोसत नाही.

तर बेंचवरची मोठी कमान काढा, खांद्याची पाती मात्र मागे दाबलेलीच ठेवा. बार खाली आणायला दोन-तीन सेकंद घ्या. स्क्वॉटला बार मानेच्या बुडाशी, टाचांखाली छोट्या प्लेट्स, गुडघे खुशाल पुढे जाऊ देत, आणि जमेल तेवढं खोल बसा. मांडीचा पुढचा भाग दुसऱ्या दिवशी सांगेलच. जमिनीवरून डेडलिफ्ट सध्या बाजूला ठेवा: अख्खं अंग शिणतं, आणि वर नेलेला बार आपण खाली जवळजवळ सोडूनच देतो, म्हणजे उतरतानाचा ताण वाया. त्याऐवजी रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे गुडघे थोडेच वाकवून, कंबरेतून झुकत बार मांडीलगत खाली नेणं आणि परत उभं राहणं, सावकाश.

रेप्सबद्दल फार वाद घालू नका. ५ पासून ३० पर्यंत कुठल्याही आकड्यानं स्नायू वाढतो, अट एवढीच की सेट फेल्युअरच्या, म्हणजे पुढची रेप निघूच शकत नाही त्या टप्प्याच्या, जवळ संपायला हवा. स्क्वॉट-प्रेससारख्या मोठ्या व्यायामांना ६ ते १२, एकाच स्नायूच्या छोट्यांना १२ ते २० सोयीचे पडतात. पण खरी अडचण इथेच आहे. तीन-तीनच्या सेटची सवय असलेल्या माणसाला लांब सेटमध्ये फेल्युअर ओळखताच येत नाही. दहाच्या आसपास जळजळायला लागतं, तोंड वाकडं होतं आणि तो थांबतो. वजन मात्र अजून पहिल्याच वेगानं चाललेलं असतं! जळजळ हा निकष नाही. पूर्ण जोर लावूनही वेग आपोआप मंदावला, की समजा एक-दोन रेप्स उरल्यात. हे शिकायला लेग एक्स्टेन्शन मशीन उत्तम. तिथे एकदा खरंच अडेपर्यंत जाऊन बघा. बारखाली स्क्वॉटमध्ये हा प्रयोग नको.

आठवड्याला प्रत्येक स्नायूला ८-१० सेटपासून सुरुवात करा, पुढे १२-१६ पर्यंत जा. चार दिवस पुरतात: दोन वरच्या अंगाचे, दोन पायांचे. सोमवारी छाती मारणं हे आपल्या जिम्सचं राष्ट्रीय वेळापत्रक आहे, बेंच रिकामा मिळत नाही, म्हणून मी सोमवारी पाय देते. वरच्या अंगाच्या दिवशी इन्क्लाइन डंबेल प्रेस, लॅट पुलडाऊन, केबल रो, मग साइड रेझ (डंबेल बाजूला खांद्यापर्यंत उचलणं), खांद्याची मागची बाजू, बायसेप, ट्रायसेप. पायांच्या दिवशी स्क्वॉट किंवा लेग प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट, लेग कर्ल, पोटऱ्या. पॉवरलिफ्टरचे बाजूचे खांदे आणि पोटऱ्या हमखास मागे असतात, त्यांना घाईत उरकू नका. विश्रांती मोठ्या व्यायामांत दोन मिनिटं, छोट्यांत एक-दीड. पंपसाठी, म्हणजे स्नायू फुगल्यासारखे वाटावेत म्हणून, ती तीस सेकंदांवर आणायची गरज नाही.

वजन वाढवायची रीतही बदलते. ८ ते १२ ची मर्यादा धरा, सगळ्या सेटमध्ये १२ जमले की अडीच किलो चढवा आणि परत ८ वर या. साइड रेझमध्ये मात्र पाचाचं डंबेल सोडून साडेसातचं घेणं म्हणजे थेट दीडपट. तिथे आधी २० रेप्स होऊ द्या.

तुमचा वन रेप मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येणारं जास्तीत जास्त वजन, काही महिने घसरेल. त्यात बराचसा भाग जड वजनाच्या सरावाचा असतो, सराव केला की परत येतो. ताकद आणि आकार एकमेकांचे वैरी नाहीत. फ्रँको कोलंबू आधी पॉवरलिफ्टरच होता, आणि १९७६ व १९८१ साली बॉडीबिल्डिंगचा सर्वांत मोठा किताब, मिस्टर ऑलिंपिया, त्यानं जिंकला.

खाण्याचं थोडक्यात. दर किलो वजनाला १.६ ते २.२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ११० ते १५०. चार अंडी २४, कोरडे ५० ग्रॅम सोया चंक्स २६, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६. उरलेलं वरण, उसळ, चिकन किंवा व्हे यांतून काढा. मूठ-मूठ शेंगदाणे खाऊन 'प्रोटीन घेतो' म्हणू नका, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन २५ ग्रॅम आणि कॅलरी साडेपाचशेच्या वर.

प्रगती आता बारवर दिसणार नाही. महिन्यातून एकदा सकाळी, उपाशीपोटी, टेपनं दंड, छाती, मांडी, कंबर मोजा. त्याच उजेडात फोटो काढा. पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट ठेवा, नाहीतर जिना उतरताना कठडा धरावा लागेल. आणि पुढे एखादी पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा ठरली असेल, तर तिच्या आधी दहा-बारा आठवडे राखून ठेवा. तेव्हा स्क्वॉटचा बार परत पाठीवर खाली घ्या, बेंचची कमान परत करा, आणि तीन-तीनचे सेट सुरू करा.